भिंत कोणाची?

'कणा' ही शिकवायला सोपी कविता आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. कुसुमाग्रजांची ही कविता मुलांना आधीच पाठ असते. स्नेहसंमेलनात कुणीतरी ती म्हणतंच. निरोप समारंभात ती येते, अधिकाऱ्यांच्या भाषणात येते आणि कुठे पूर येऊन गेला की वर्तमानपत्रातही येते. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी पावसात भिजून सरांकडे येतो, काय झालं ते हसत सांगतो, सरांचा हात खिशाकडे गेला की उठून उभा राहतो. त्याला पैसे नकोत, धीर हवा आहे. एवढं वाचून झालं की वर्ग शांत होतो आणि शिक्षकाचं काम संपतं.

वैनगंगेच्या महापुरानंतरच्या वर्षी शहापुरात अकरावीच्या वर्गात मी ती वाचली, तेव्हा मात्र तसं झालं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं कुटुंब भंडाऱ्याहून आमच्याकडे राहायला आलं होतं. ती म्हणाली, "सर, यानं आपली भिंत आपण बांधली. आमची भिंत घरमालकानं बांधली. बांधून झाल्यावर किराया वाढवला, म्हणून आम्ही इकडं आलो."

मी तिला सांगितलं की कवितेतली भिंत हे प्रतीक असतं. ती "हो सर" म्हणून खाली बसली. उत्तर चुकीचं नव्हतं, पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आधी पुराविषयी थोडं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. खाली पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले. शहापूर भंडाऱ्याजवळच, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. जवाहरनगरची आयुध निर्माणी शेजारी, कॉलेजं आसपास, त्यामुळे इथे किरायाच्या खोल्यांची वहिवाट जुनी. पुण्या-मुंबईकडे ज्याला भाडेकरू म्हणतात त्याला आमच्याकडे किरायदार म्हणतात. पूर ओसरला तसे भंडाऱ्याचे किरायदार कोरड्या जागी खोली शोधत इकडे आले. दिवस कोरोनाचे होते. अनोळखी माणसाला आत घ्यायला कुणी तयार नव्हतं. खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या आणि मागणारे वाढले.

आता कवितेकडे. त्या मुलीनं गृहीत धरलं की कवितेतला तरुण घरमालक आहे. आपण सगळेच तसं धरतो. पण कवितेत तसं कुठे म्हटलं आहे का? मी पुन्हा वाचली. घर कुणाच्या नावावर आहे याबद्दल कवितेत एक शब्द नाही. मालकीचा भास होतो तो दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे नदीची उपमा. नदी माहेरवाशिणीसारखी घरात येते. माहेरवाशीण येते ती स्वतःच्या माणसांच्या, पिढ्यांच्या घरात; अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या खोलीला कुणी माहेर म्हणत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो तरुण भिंत उभारतो आहे. दुसऱ्याची भिंत कोण उभारील? या दोन खुणांवरून वाचक मनातल्या मनात त्याच्या नावानं सातबारा करून टाकतो.

हा दोष कवितेचा नाही. तिला एका माणसाचा ताठपणा सांगायचा आहे आणि तो ती अचूक सांगते. प्रश्न आपल्या वाचण्याचा आहे. आपत्तीत न मोडणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हीच आकृती येते: घर पडलं, उभा राहिला, पुन्हा बांधलं. या आकृतीतला शेवटचा टप्पा किरायदाराला बंद आहे. त्याचा कणा शाबूत असूनही त्याच्याकडे बांधायला भिंत नाही. त्याचं लढणं म्हणजे खोली शोधणं, अनामत जमवणं, मुलीची शाळा बदलणं, घरमालकाशी जपून बोलणं. या लढण्याला आपल्याकडे कविता नाही, म्हणून ते लढणं वाटतच नाही. नुसतं निघून जाणं वाटतं.

मराठी साहित्याला भाडेकरू माहीत नाही असं कुणी म्हणणार नाही. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' भाडेकरूंचीच आहे आणि तिच्यातली शेवटची हुरहुर चाळीच्याच आयुष्याविषयी आहे. पण तिथे वास्तू काळानं थकते, एका रात्रीत जात नाही. भाडेकरूला आठवणी काढायला सवड मिळते. मुंबईच्या चाळीचं आणि झोपडपट्टीचं लेखन पुढे बरंच झालं. मात्र त्यातल्या माणसाची जागा हिरावतो तो बिल्डर, मालक किंवा महापालिका. नदी नाही.

विस्थापनाचंही लेखन आपल्याकडे मोठं आहे. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' 1991 मध्ये आली आणि दुसऱ्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची फरफट तिच्याइतक्या तपशिलानं फार थोड्या मराठी कादंबऱ्यांनी मांडली असेल. 1988 मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाल्यापासून वैनगंगेकाठच्या ज्या गावांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, त्यांना ही कादंबरी आपलीच वाटते. पण तिच्यातल्या भांडणाचा कणा जमीन आहे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात काय, कुठे, किती. ज्याची जमीन गेली नाही, कारण मुळात नव्हतीच, तो या भांडणाच्या कडेला उभा राहतो.

विदर्भातलं साहित्यातलं सगळ्यात ठसठशीत घर कोणतं, असं विचारलं तर मी महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चं नाव घेईन. 1985 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात देशपांड्यांचा वाडा आतून पोखरत जातो आणि प्रत्येक पात्र त्या पडझडीशी आपलं नातं तपासतं. हे नाटक मला फार मोठं वाटतं. तरी ते घराचा मृत्यू मालकाच्या बाजूनं पाहतं. वाडा पडणं ही वारसाची शोकांतिका आहे. असा वाडा पडतो तेव्हा मागच्या सोप्यातल्या दोन खोल्यांत कुणी पाच वर्षं राहत असेल, तर त्याचं काय झालं हे विचारायला आपली शोकांतिका शिकलेली नाही. म्हणजे भाडेकरू एका दालनात आहे, आपत्ती दुसऱ्या आणि दोन्हींमधलं दार आपण उघडलेलं नाही.

साहित्यात जे दिसत नाही ते कागदावरही अंधूकच राहतं. पूर ओसरला की तलाठी पंचनाम्याला येतो. 2020 मध्ये आपत्ती निवारण निधीचे केंद्राचे जे निकष होते, त्यांत सपाट प्रदेशातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर 95,100 रुपये होते. कपड्यांसाठी कुटुंबामागे 1,800 आणि भांड्याकुंड्यांसाठी 2,000. राज्य सरकारं यात भर घालतात, पण विभागणी हीच राहते. पहिली रक्कम घराची म्हणून मालकाची. दुसऱ्या दोन कुटुंबाच्या, त्यामुळे किरायदाराला मिळू शकतात. मात्र तो तिथेच राहत होता हे दाखवता यायला हवं. रेशनकार्ड मूळ गावचं, आधारवर जुना पत्ता आणि किराया दर महिन्याला हातात दिलेला, असं असेल तर पुरावा कोणता? भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर गेली ते पंचनाम्यात येतं. भिंतीच्या आत कोण झोपत होतं ते सांगायला मालकाची जीभ लागते.

हे आजचं नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. त्या वाड्यांत मालकाच्या बिऱ्हाडाभोवती भाडेकरूंची बिऱ्हाडं होती. पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसन हट उभ्या राहिल्या, गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. वाड्यातला भाडेकरू नदीपासून दूर गेला आणि कित्येकांना तिथे पहिल्यांदा स्वतःचं म्हणता येईल असं छप्पर मिळालं. पूर ही भाडेकरूला मालक होण्याची वाट ठरू शकते, एवढं त्या अनुभवानं दाखवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरचा हिशेब वेगळा होता. नव्या गावांतल्या घरांचं क्षेत्रफळ शेतीवरून ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचे शेतकरी यांना 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून जास्त असेल तर 750. भूमिहीनालाही घर मिळालं, ही त्या योजनेची मोठी गोष्ट. पण भूकंपानं ज्या भिंती सारख्याच पाडल्या, त्या पुन्हा उभ्या करताना जुनी उतरंड फुटांत मोजून ठेवली गेली.

कायदा या बाबतीत साहित्याच्या पुढे आहे, असं म्हटलं तर चमत्कारिक वाटेल. घर पडलं की भाडेकरूचा हक्कही पडतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 2001 मध्ये उत्तर आलं की इमारत नष्ट झाली म्हणजे भाडेपट्टाही संपला. 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच, महापालिकेनं पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं: वरचं बांधकाम गेल्यानं भाडेकरूचं नातं आपोआप तुटत नाही, कारण खालची जमीन शिल्लक असते. मला हा निकाल एखाद्या चांगल्या कवितेसारखा वाटतो. भिंत आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो ओळखतो. अर्थात त्या मुलीच्या वडिलांना त्याचा उपयोग नव्हता. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी आणि नोंदवलेला असावा अशी अट घातली आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. आमच्याकडे किराया अजून बहुतेक तोंडीच ठरतो. पूर आल्यावर कुणी निकाल शोधत नाही, खोली शोधतो.

एक कागद मात्र असा आहे, ज्यात किरायदाराला जागा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीची नोंदवही. त्यात मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराच्या नावाचा रकाना असतो, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा. कारकुनी भाषेनं फार आधी ओळखलं होतं की घर असलेला आणि घरात असलेला हे दोन निराळे असू शकतात. माझ्या घराच्या उताऱ्यावर त्या रकान्यात 'स्वतः' असं लिहिलं आहे. असंख्य उताऱ्यांवर तेच असेल.

माझ्या घराचा उल्लेख आला आहे, तर पुढचंही सांगायला हवं. माझ्या घरावर एक खोली आहे. सप्टेंबर 2020 मध्ये एक जोडपं दारात आलं. भंडाऱ्याची खोली बुडाली म्हणाले, सोबत दोन लहान मुलं. घरात म्हातारी आई आणि बाहेर कोरोना. मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि ते जाऊ लागले तेव्हा माझा हात खिशाकडे गेला. त्या माणसानं हात जोडले. "पैसे नको, सर." मला त्या क्षणी कविता आठवली आणि बरं वाटलं, हे कबूल करतो. केवढा स्वाभिमानी माणूस, असं मी रात्री जेवताना घरी सांगितलं. त्यानं मागितली होती खोली. मी त्याला कवितेत बसवलं आणि खोली बंद ठेवली.

म्हणून 'कणा' आता मी वेगळी वाचतो. तो तरुण किरायदार असेल, असं धरून. कविता त्याला आड येत नाही. तेव्हा तो उभारतो ती भिंत दुसऱ्याची होते आणि त्याची मेहनत अधिक एकाकी, काहीशी वेडीही वाटू लागते: भिंत पुरी होईल तेव्हा तो तिच्या आत असेल की नाही, हे त्याला ठाऊक नाही. पैसे नाकारण्याचा अर्थही बदलतो. मदत घेतलेला माणूस उद्या भांडू शकत नाही, हे किरायदाराइतकं कुणाला कळतं? आणि सर्वांत जास्त बदलतात ते सर. आपण आजवर त्या तरुणाकडे पाहिलं. सरांना राहायला घर आहे, ते कोरडं आहे, तरुण त्याच घरात बसून बोलतो आहे, याकडे पाहिलं नाही.

या वर्षी वर्गात कविता झाल्यावर मी मुलांना एवढंच विचारलं, की घर कुणाचं असेल. बराच वेळ चर्चा चालली. जवळपास निम्म्या मुलांनी त्याला किरायदार ठरवलं. एकानं विचारलं, "मग सर त्याला आपल्याकडंच राहून घे असं का नाही म्हणत?" ज्या मुलीमुळे हे सुरू झालं ती तेव्हा वर्गात नव्हती. बारावीच्या आधीच तिच्या घरच्यांनी शहापूरची खोलीही खाली केली. कुठे गेले ते शेजाऱ्यांना सांगता आलं नाही.