तसबिरीवरचा दुसरा हात

चित्रकाराचे वय वाढले आणि हात बदलला की एक मोह त्याला हमखास गाठतो. विशीत-पंचविशीत रंगवलेले एखादे चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात अवचित भेटते. सावल्या काळ्याकुट्ट, रंग भडक, एका हाताची ठेवण साफ चुकलेली. यजमान कौतुकाने चहा पुढे करीत असतो आणि पाहुण्याचा जीव मात्र त्या हातात अडकलेला असतो. ‘दोन दिवस चित्र माझ्याकडे द्या, एवढे नीट करून देतो,’ असे शब्द त्याच्या तोंडून निघतातच. फ्रान्समधल्या बोनार या थोर चित्रकाराची गोष्ट तर याहून पुढची. पॅरिसच्या संग्रहालयात आपलेच चित्र टांगलेले पाहून त्याला राहवेना. मित्राने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचे आणि याने खिशातली रंगाची डबी काढून हळूच ब्रश फिरवायचा, असा त्याचा उद्योग चाले म्हणतात.

गोष्ट ऐकून आपण हसतो. पण चित्र आपल्या घरातले असले म्हणजे? सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांतून आजोबा-पणजोबांच्या तैलचित्रांना तोटा नाही. त्यांतले एखादे पुढे नावारूपाला आलेल्या चित्रकाराने उमेदवारीच्या काळात काढलेले असते. आजोबांचे नाक जरा वाकडे आले आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते. नातवंडांनी मात्र आजोबा पाहिलेले असतात ते त्याच नाकाचे. चित्रकार उद्या येऊन ते सरळ करू म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यावे?

पुष्कळांना वाटते, ज्याची कृती त्याचा अधिकार. लेखक नव्या आवृत्तीत वाक्ये बदलतो, गवई कालचा राग आज वेगळा मांडतो, मग चित्रकारानेच काय पाप केले? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु गवयाची कालची मैफल कालच संपलेली असते आणि लेखकाची पहिली आवृत्ती कुठल्या तरी वाचनालयाच्या कपाटात शिल्लक असते. चित्राची प्रत एकच. त्याच्यावर दुसरा हात फिरला की पहिला हात गेला. अलीकडे क्ष-किरणांनी खालचा थर पाहता येतो हे खरे, पण त्यात दिसतो तो चित्राचा सांगाडा. त्याचा रंग आणि तजेला काही परत येत नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्याने कलावंताला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राची मोडतोड त्याने स्वतः करावी असे मात्र त्या कायद्यात कुठे म्हटलेले नाही!

शेंदराचे उदाहरण देणारेही भेटतात. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक सातारा-सांगलीच्याच मुलखातले. मारुतीला शेंदूर चढतच असतो, थरावर थर बसतात, मूळ मूर्तीची रेषाही दिसेनाशी होते. म्हणून कुणाची भक्ती उणावत नाही. मान्य. पण तिथे माणूस जातो तो मारुतीकडे, मूर्तिकाराकडे नव्हे. चित्रापुढे आपण उभे राहतो ते काढणाऱ्याचा हात पाहण्यासाठी.

औंधला ज्यांनी श्रीभवानी संग्रहालय पाहिले असेल त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको. यमाईच्या डोंगरावरचे हे संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडले. राजा स्वतः चित्रकार. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली छापून प्रसिद्ध झाले होते. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर अशा एकाहून एक नामांकितांची चित्रे त्यांनी जमवली, आणि त्याच छपराखाली हेन्री मूरचे मायलेकराचे शिल्पही आणून ठेवले. शिल्प पाहून पुन्हा रविवर्म्यापाशी आले की तो जुना वाटतो. पण म्हणून तो चुकलेला वाटत नाही. आपल्या काळात तो ठामपणे उभा असतो. पुढची तऱ्हा कळल्यावर मागची पुसायची, हा नियम कुणी लावला असता तर औंधच्या भिंतींवर काय उरले असते, कोण जाणे.

बाळासाहेबांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतीही करवून घेतल्या होत्या. त्या अजिंठ्यात नवव्या व दहाव्या लेण्यांत जाऊन पाहावे. तिथली सर्वांत जुनी चित्रे सुमारे दोन हजार वर्षांमागची. पाचव्या शतकात नवे चित्रकार आले आणि त्यांनी जुन्या भिंतींवर ठिकठिकाणी आपल्या काळातल्या बुद्धमूर्ती रंगवल्या. त्या सुंदर आहेत, याविषयी वाद नाही. पण त्यांच्या कडेशी जुन्या मिरवणुकीतली एखादी आकृती अर्धवट डोकावते, आणि उरलेली माणसे कशी असतील या विचाराने मन हळहळते. तो निदान दुसऱ्यांचा हात होता. आपणच आपल्यावर असा लेप चढवायचा, याला काय म्हणावे?

औंधमध्येच याच्या अगदी उलट टोकाचा एक माणूस राहून गेला. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, हैदराबाद आणि लाहोर इथे चित्रकार म्हणून त्यांनी चांगला जम बसवला. पुढे मन वेदांकडे वळले, तेव्हा चित्रांचा व्यवसाय बाजूला ठेवून औंधला स्वाध्याय मंडळात ते वेदांच्या संशोधनात बुडून गेले. माणूस याहून अधिक काय बदलायचा? पण पूर्वी काढलेल्या चित्रांना ऋषींच्या दाढ्या लावीत ते हिंडले नाहीत.

मग बदललेल्या कलावंताने जुन्याकडे पाहूच नये काय? मुळीच नाही. याचा दाखला मला चित्रशाळेत न सापडता नाटकात सापडतो, आणि मौज अशी की त्या नाटकाचा सारा घोटाळा एका तसबिरीवरूनच होतो. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर, हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध असलेल्या हरिपूरला १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. १८९३ च्या सुमारास त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. मूळ इंग्रज नाटककार मर्फीचे, १७६१ सालचे; आणि त्याच्याही मागे मोलियरचा १६६० सालचा प्रहसनातला संशयी नवरा उभा. म्हणजे गोष्ट देवलांच्या हाती आली तीच दोनदा रंगवलेली! पुढे ‘शारदा’ आले, १८९९ साली. रंगभूमीवर संगीताचे राज्य पसरले, देवलांचा हात पिकला. आणि वीस-बावीस वर्षांनी त्यांनी तेच कथानक पुन्हा हाती घेऊन ‘संगीत संशयकल्लोळ’ रचले.

प्रहसनाला गाणी जोडणे हा काही साधा खेळ नव्हे. प्रहसन चालते वेगावर. घोटाळ्यावर घोटाळा चढत असताना कुणी आलाप घेऊ लागला तर हसे विरून जायचे. देवलांनी काय केले पाहा. पदांचा बहुतांश भार त्यांनी प्रेमिकांवर, रेवती आणि अश्विनशेठ यांच्यावर टाकला. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांची धुसफूस मुख्यतः बोलण्याच्या चालीने धावत राहते. प्रेमाने गावे, संशयाने बोलावे! नव्या शैलीने काय घ्यायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना नेमके उमगले होते. ज्याला जुनी कृती केवळ लाज वाटण्यासारखी दिसते त्याला हे साधत नाही. तो चुकलेला हात नीट करायला बसतो आणि त्याच्याबरोबर चित्रातला जीवही घालवून बसतो.

सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर गद्याकडून संगीताकडे आले तेव्हा त्यांनी ‘कीचकवध’ किंवा ‘भाऊबंदकी’ला पदे लावली नाहीत, ‘मानापमान’ नव्याने लिहिले. तीही वाट सरळच. देवलांची अधिक अवघड, कारण जुन्याशी तुलना टळत नाही. पण दोघांनीही नवे काम नव्या कागदावर केले. रविवर्म्यानेही शकुंतलेसारखे विषय पुन्हा पुन्हा घेतले, ते दर वेळी कोऱ्या कॅनव्हासवर.

म्हणून दिवाणखान्यातल्या त्या यजमानाने चित्र भिंतीवरून उतरवू नये, असे मी म्हणेन. चित्रकाराच्या घरात पडून असलेल्या, कुणाला न दाखवलेल्या चित्राचे त्याने हवे ते करावे. पोपडे निघालेल्या चित्राची डागडुजी जाणकाराकडून अवश्य करून घ्यावी. पण भिंतीवर रुळलेल्या आजोबांना हात लावायचा नाही. फार मन घेत असेल तर पाहुण्याला कोरे कॅनव्हास आणून द्यावे, चहाचा दुसरा पेला द्यावा, आणि आजोबा पुन्हा काढायला सांगावे. जमल्यास दोन्ही शेजारी टांगावीत. नातवंडे कोणते खरे यावरून भांडतील, भांडू द्यावीत.

‘संशयकल्लोळ’मध्ये याहून निराळे काय घडते? रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीच्या हातून तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि ती न्याहाळणाऱ्या बायकोला फाल्गुनराव गाठतो. तसबीर बिचारी जशीच्या तशी असते. जो तो तिच्यात आपल्या मनातले पाहतो. १९१६ च्या जूनमध्ये देवल वारले, आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव गणपतराव बोडसांचा.