दाराबाहेरचा भाऊ

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील दाखल्याला आपण ‘उधळ्या पुत्राचा’ म्हणतो. हे शीर्षक अपुरे आहे. कथेचा आरंभच मुळी दोन पुत्रांच्या बापापासून होतो आणि धाकटा परतल्यावरही ती थांबत नाही.

संत लूक यांचे कथाकौशल्य संवादांत दिसते. धाकट्याने मनाशी घोकलेले भाषण बाप पुरे होऊच देत नाही. मजुरांत ठेवून घेण्याची विनवणी ओठांतच राहते. थोरला मात्र बापाशी बोलताना त्याला भाऊ म्हणायचे टाळतो, बापाचा मुलगा म्हणतो. उत्तर देताना बाप ते तुटलेले नाते हळुवारपणे पुन्हा जोडून देतो.

वर्षानुवर्षे राबूनही ज्याला एक करडूसुद्धा मिळाले नाही, त्याचा राग खोटा नव्हे. प्रवचनांतून त्याला फार लवकर दोषी ठरवले जाते, असे मला वाटते. बाप तर त्याला दटावतही नाही. भरली मेजवानी सोडून बाहेर येतो, समजूत घालतो. धाकट्याकडे धावत जाण्याहून हे कठीण असावे.

थोरला आत गेला का? लूक सांगत नाहीत. येशू पाप्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून कुरकुरणारे परुशी आणि शास्त्री ऐकत उभे आहेत.