हुसेनांचे घोडे : गती की उसळी?

मकबूल फिदा हुसेन यांच्या घोड्यांविषयी लिहिताना 'गती' हा शब्द समीक्षक हटकून वापरतात. तो तपासून घेतला पाहिजे. चित्रातील गतीला भूमी लागते, कापावयाचे अंतर लागते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकारांना शर्यतीच्या मैदानाने ही सामग्री पुरविली. झेरिकोच्या 'एप्समची डर्बी' (१८२१) या चित्रातील घोडे पुढचे-मागचे पाय ताणून अधांतरी झेपावतात. घोडा असा धावत नाही, हे १८७८ मध्ये मायब्रिजच्या छायाचित्रांनी दाखविले. चारही पाय जमीन सोडतात ते पोटाखाली आखडलेले असताना. तरीही झेरिकोचे चित्र धावते, आणि शिल्पकार रोदँने छायाचित्राविरुद्ध त्याचीच बाजू घेतली.

१८५७ मध्ये पॅरिसला लाँशांचे मैदान सुरू झाले. मानेने तेथील घोडे थेट पाहणाऱ्याच्या अंगावर आणले. देगाची दृष्टी मात्र अधिक सूक्ष्म. प्रेक्षकसज्जासमोरील घोड्यांच्या त्याच्या चित्रात शर्यत अद्याप सुरूच झालेली नाही : लांबलेल्या सावल्या, पाठमोरे स्वार, सज्जातील छत्र्या आणि दूरवर बिथरलेला एकच घोडा. त्या एका घोड्यामुळे साऱ्या स्तब्धतेला ताण येतो.

महालक्ष्मीचे रेसकोर्स मुंबईत १८८३ पासून आहे. याच शहरात सिनेमाचे फलक रंगविणाऱ्या हुसेनांच्या गाजलेल्या अश्वचित्रांत मात्र ते दिसत नाही. त्यांच्या घोड्याला बहुधा खोगीर नाही, स्वार नाही, पायाखाली माती नाही. मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल आणि १९५२ च्या चीनभेटीत पाहिलेले तांगकालीन घोडे ही त्याची कुळे सांगितली जातात; दोन्ही शर्यतीबाहेरची. (हुसेनांचा जन्म पंढरपूरचा, म्हणून वारीच्या रिंगणातील अश्वाशी नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु बालपणीच ते इंदूरला गेले. तो मोह आवरलेला बरा.)

मागे वळलेली मान, विचकलेले दात, उचललेले खूर : ही उसळी आहे, दौड नव्हे. आरंभीच्या चित्रांत रेषेच्या जोरावर ती विलक्षण प्रत्ययकारी होते. पुढे तीच मान, तेच खूर वारंवार आले, तेव्हा उसळीची मुद्रा झाली. देगानेही घोडे आयुष्यभर पुन्हापुन्हा रंगविले. पण दर वेळी मैदान बदलले, अंतर बदलले, चौकटीच्या कडेने घोडा निराळ्या जागी छेदला गेला. हुसेनांच्या घोड्याला अडविणारे असे काही चित्रात उरले नव्हते.