कुठली बाई, कुणाचा कॅमेरा?

भारतीय सिनेमात बाया दिग्दर्शक झाल्या, याचा गजर सध्या जोरात आहे. २०२४ साली पायल कपाडियाला कानमध्ये ग्रां प्री मिळालं, तेव्हा तर कौतुकाला पारावार उरला नाही. मित्रहो, काम मोठं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण टाळ्या वाजवून झाल्या की एक सवाल टाकायचा : वर आली ती कुठली बाई?

फातमा बेगमनं १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला. कंपनी तिची स्वतःची होती. पुढं बरीच वर्षं तुरळक नावं. मग १९८१ साली सई परांजप्यांचा ‘चष्मेबद्दूर’ आला, अपर्णा सेनचा ‘३६ चौरंगी लेन’ आला. दोन्ही बघण्यासारखे. सई ही रँग्लर परांजप्यांची नात, अपर्णा ही समीक्षक चिदानंद दासगुप्तांची लेक. गुण त्यांचे होतेच. पण गुण दाखवायला दार उघडं लागतं, ते घरातूनच उघडलेलं होतं.

आपली बाई मग कुठं दिसते? पडद्यावर, रडताना. कल्पना लाजमींचा ‘रुदाली’ (१९९३) घ्या. महाश्वेतादेवींच्या कथेत शनिचरी शेवटी वेश्यावस्तीत जाते आणि तिथल्या बायांना रुदालीच्या कामावर आणते. मालक मेला की त्याच्याच पैशावर आपलं पोट भरायचं, ही तिची अक्कल. सिनेमात ही अक्कल गेली. तिथं शनिचरीला कळतं की भिकनी आपली आई होती, आणि तिला रडू फुटतं. जमवाजमव गेली, आसवं उरली. नटीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे कॅमेऱ्यामागं बाई उभी राहिली की आपलं भागलं, असं नाही.

ज्योती निशानं ‘डॉ. बी. आर. आंबेडकर : नाऊ अँड देन’ हा माहितीपट केला तो लोकवर्गणी काढून. पा. रंजित मागाहून सोबत आले. प्रत्येक पोरीनं झोळीच फिरवायची काय?

केरळात वेगळं घडलं. तिथल्या सरकारी चित्रपट महामंडळानं बायांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी योजना काढल्या, एका चित्रपटाला दीड कोटीपर्यंत पैसा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या परिषदेत अडूर गोपालकृष्णन म्हणाले, पैसा जास्त होतोय, पन्नास लाख करा, आणि यांना आधी तीन महिने शिकवा. गायिका पुष्पवती यांनी भर सभेत हरकत घेतली. बरं केलं.

शिकणं नको असं कोण म्हणतंय? बाबासाहेबांची माणसं ते कधीच म्हणणार नाहीत. पण मग सगळ्याच नवख्यांना शिकवा! सवर्ण पोराचा पहिला सिनेमा फसला तर तो ‘प्रयोग’, आपल्या पोरीचा फसला तर ‘जनतेच्या पैशाची नासाडी’. राखीव जागांच्या वेळी ऐकलेली ‘गुणवत्ता’ हीच. फक्त कपडे बदलून आलीय.

महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला अनुदान आहे, पण सिनेमा पुरा झाल्यावर, दर्जा ठरवून. म्हणजे पहिला पैसा ज्याच्या खिशात, त्यालाच पुढचा पैसा. वाड्यातल्या बाईला हे परवडतं, वस्तीतल्या बाईला नाही.

तेव्हा नुसती परीक्षणं लिहून थांबू नका. पैसा सिनेमा सुरू होण्याआधी मिळाला पाहिजे आणि त्यात दलित-आदिवासी बायांचा वाटा लेखी ठरला पाहिजे, ही मागणी सभेत मांडा, निवेदनात घाला. शनिचरीची गोष्ट शनिचरीच्या लेकीनं सांगायची असेल, तर कॅमेऱ्याचं भाडं आधी भरावं लागतं.