दस्तऐवज, मौन आणि कादंबरी

कलावंताच्या जीवनावरील कादंबरीची सत्यता तिच्यामागील संशोधनाच्या विपुलतेवरून ठरविण्याची प्रवृत्ती रूढ आहे. आयर्व्हिंग स्टोन (१९०३-१९८९) यांच्या दोन कादंबऱ्या एकत्र वाचल्या असता हा निकष अपुरा ठरतो.

‘लस्ट फॉर लाइफ’ (१९३४) या कादंबरीचा मुख्य आधार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने बंधू थिओला लिहिलेली पत्रे हा आहे. आर्लमधील माया या स्त्रीचा प्रसंग मात्र पूर्णतः कल्पित आहे. प्रेमाला पारख्या झालेल्या चित्रकाराला ती प्रेमाची ग्वाही देते. परंतु हा प्रसंग आभासाच्या पातळीवरच रंगविलेला असून, तो कल्पित असल्याची कबुली लेखकाने अखेरच्या टिपणात दिली आहे. दस्तऐवज कोठे संपतो, हे वाचकाला कळते.

‘द ॲगनी अँड द एक्स्टसी’ (१९६१) या कादंबरीसाठी स्टोन इटलीत राहिले. मायकेलअँजेलोची सुमारे ५०० पत्रे त्यांनी इंग्रजीत भाषांतरित करवून घेतली. तरीही लोरेंझो मेदिचीची कन्या कॉन्तेसिना हिच्यावरील मायकेलअँजेलोचे जे प्रेम कादंबरीत येते, त्याला कागदोपत्री आधार नाही. उलटपक्षी, तोम्मासो दे काव्हालिएरी या तरुणाला उद्देशून त्याने लिहिलेल्या प्रेमकविता उपलब्ध आहेत. १६२३ च्या आवृत्तीत मायकेलअँजेलोच्या पुतण्याच्या मुलाने त्यांतील पुल्लिंगी उल्लेख बदलले होते. मूळ पाठ १८६३ मध्ये प्रकाशात आला. म्हणजे स्टोन यांच्यापुढे तो पाठ होता. तथापि, कादंबरीच्या भावविश्वात अधिक जागा मिळते ती कॉन्तेसिनाला. जेथे दस्तऐवज मौन पाळतो तेथे कादंबरी बोलकी होते आणि जेथे तो बोलतो तेथे ती आवाज खाली आणते. या रिक्त जागा भरणारी कल्पना संशोधनातून येत नाही; ती लोकप्रिय प्रेमकथेच्या संकेतांतून येते. संशोधनाची प्रतिष्ठा मात्र तिलाही लाभते.

याच कादंबरीत कराराच्या खाणी, दगडाची शीर, छिन्नीचा कोन यांची वर्णने वाचताना निराळा प्रत्यय येतो. येथे माहिती सजावट म्हणून उरत नाही. पात्राची जाणीवच तिच्यातून घडते. कलावंताचे अंतरंग त्याच्या हातांच्या श्रमातून प्रकटते, प्रेमप्रकरणाची जोड त्याला लागत नाही.

संशोधनाधिष्ठित कादंबरीची कसोटी म्हणूनच पुराव्यांच्या संख्येत शोधता येणार नाही. पुराव्यातील मौनाशी आणि गैरसोयीच्या साक्षीशी लेखक कसा वागतो, यात ती आहे. रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’सारख्या मराठी कादंबरीलाही हाच प्रश्न विचारावा लागेल.