घनता वाढली, हाड मोडायचे राहिले नाही

अलीकडे तालुक्याच्या गावीसुद्धा हाडांच्या तपासणीची मोफत शिबिरे भरतात. टाच यंत्रात ठेवायची, थोड्याच वेळात एक आकडा मिळतो, आणि तो उणे अडीचच्या खाली गेला की हाडे विरळ झाली असे समजून औषध सुरू होते. (ही सीमा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये सुचवली ती क्ष-किरणांनी मोजलेल्या घनतेसाठी, टाचेवरच्या ध्वनिलहरींच्या यंत्राला ती जशीच्या तशी लावता येत नाही.) पुढे आकडा सुधारला की औषध लागू पडले, असे सगळे धरून चालतात. या तर्कात एक पायरी गाळलेली आहे. यंत्र आकडा देते तो घनतेचा. रुग्णाला हवे असते न मोडणारे हाड. अस्थिविरळता एरवी दुखत नाही. मणका खचतो किंवा खुबा मोडतो तेव्हा वेदना सुरू होतात.

फ्लोराइडची कथा या गाळलेल्या पायरीचीच आहे. फ्लोराइडमुळे नवे हाड तयार होते हे दिसल्यावर १९६० च्या दशकापासून ते अस्थिविरळतेवर देऊन पाहिले जाऊ लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रिग्ज यांच्या १९८२ च्या पाहणीत ते गुणकारी वाटले. पण तीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगाने गट पाडलेले नव्हते. तशी चाचणी त्यांनीच पुढे केली आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केली. मणके खचलेल्या २०२ स्त्रिया, चार वर्षांचा काळ. एका गटाला रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, कॅल्शियम दोघींना सारखेच. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मात्र मणके खचण्याचे प्रमाण घटले नाही, आणि मणक्यांखेरीज इतर हाडांचे अस्थिभंग ७२ झाले. दुसऱ्या गटात ते २४ होते. शिवाय अनेकींचे पाय इतके दुखू लागले, की मात्रा कमी करावी लागली.

असे का व्हावे? वर्गात एक प्रयोग करता येतो. कोंबडीचे एक हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळते, हाड रबरासारखे वाकते. दुसरे विस्तवात पांढरे होईपर्यंत जाळा (हे शिक्षकांनीच करावे). तंतू जळून जातात, खनिज जवळजवळ सगळे शिल्लक राहते, आणि हाड बोटांनी दाबताच चुरते. क्ष-किरणांनी मोजले तर हे दुसरे हाड ‘चांगले’ ठरेल! खनिज आणि प्रथिनांचे तंतू यांच्या विणीत हाडाचे बळ असते. फ्लोराइड खनिजाच्या स्फटिकांत शिरून ही वीण बिघडवते, आणि यंत्र वीण मोजत नाही.

खरे तर आपल्या देशात याची खूण आधीच दिसली होती. नेल्लोर भागात फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्यांच्या ताठलेल्या, दुखऱ्या पाठींचे वर्णन १९३७ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यांची हाडेही क्ष-किरणात घट्ट दिसत. यवतमाळ-चंद्रपूरकडील शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

उलट उदाहरणही आहे. रॅलॉक्सिफेनच्या १९९९ मधील मोठ्या चाचणीत घनता जेमतेम दोन-तीन टक्के वाढली, तरी मणके खचण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. खुब्याचे अस्थिभंग मात्र कमी झाले नाहीत.

म्हणून अस्थिभंग मोजणाऱ्या चाचण्याच ग्राह्य धराव्यात, आणि त्यांचेही आकडे नीट वाचावेत. अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरते. ‘खुब्याचे अस्थिभंग निम्म्यावर’ हा त्याचा लौकिक १९९६ च्या चाचणीतून आला. आधीच मणका खचलेल्या २०२७ स्त्रियांत सुमारे तीन वर्षांत हे प्रमाण २.२ टक्क्यांवरून १.१ वर आले. निम्मे झाले हे खरेच. शंभरजणींत एकीचा खुबा वाचला, हेही तितकेच खरे. जिचा मणका आधीच खचला आहे तिला हा सौदा माझ्या मते परवडतो. नुसता आकडा थोडा खाली असलेल्या पन्नाशीच्या बाईला मुळात धोकाच कमी, त्यामुळे त्याच ‘निम्म्या’तून तिच्या पदरी फार थोडे पडते, आणि हे औषध बरीच वर्षे घेतल्यावर क्वचित मांडीचे हाड किरकोळ धक्क्यानेही मोडते, तो धोका तिलाही असतोच.