'आम्ही' की 'आपण'? लोकसंख्या व हवामानबदलविषयक ग्रंथांतील कर्तृपदाचा विचार

मराठीत उत्तमपुरुषाच्या अनेकवचनास दोन रूपे आहेत. बोलणारा ऐकणाऱ्यास वगळून बोलत असेल तर तो 'आम्ही' म्हणतो. त्यास सामावून घेत असेल तर 'आपण' म्हणतो. 'आम्ही उद्या गावी जाणार' आणि 'आपण उद्या गावी जाऊ' या दोन वाक्यांतील भेद घरातील लहान मुलासही कळतो. पहिले ऐकून ते हिरमुसते, दुसरे ऐकून तयारीस लागते. इंग्रजीत हा भेद नाही. तेथे दोन्ही अर्थांना एकच सर्वनाम पुरते आणि त्याची व्याप्ती संदर्भावरून ठरवावी लागते.

लोकसंख्यावाढ, साधनसंपत्तीचा क्षय आणि हवामानबदल यांविषयी गेल्या सुमारे सहा दशकांत इंग्रजीत जे विपुल वाङ्मय निर्माण झाले, त्यातील वाक्यांचा कर्ता बहुधा हे संदिग्ध सर्वनाम तरी असते, नाही तर 'मानवजात' हे त्याचेच भारदस्त रूप तरी असते. पृथ्वीची ही अवस्था 'आम्ही' केली की 'आपण' केली, हा प्रश्न इंग्रजी ग्रंथकारास टाळता येतो. मराठीत तोच विचार मांडणाऱ्यास तो टाळता येत नाही. फार तर विचार न करता 'आपण' लिहून मोकळे होता येते. या वाङ्मयातील काही प्रमुख ग्रंथ या एकाच कसोटीवर घासून पाहिले असता त्यांचे बलाबल पुष्कळसे स्पष्ट होते.

प्रथम पॉल एर्लिक यांचा 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हा १९६८ चा ग्रंथ. त्याच्या लेखनात ॲन एर्लिक यांचा मोठा वाटा होता, परंतु मुखपृष्ठावर त्यांचे नाव आले नाही. ग्रंथाचा आरंभ दिल्लीतील एका रात्रीच्या वर्णनाने होतो. टॅक्सीतून जाणाऱ्या लेखकास रस्त्यावर खाणारी, झोपणारी, धुणारी, भीक मागणारी माणसे दिसतात आणि लोकसंख्येच्या प्रश्नाची भावनिक प्रचीती त्यास तेथे येते. वर्णन प्रभावी आहे, यात शंका नाही. तथापि ते संख्येचे वर्णन नव्हे. १९६१ च्या जनगणनेत दिल्लीच्या संपूर्ण केंद्रशासित प्रदेशाची वस्ती २७ लाखांहून कमी भरली होती, तर १९६० मध्ये एकट्या न्यूयॉर्क शहराची वस्ती ७७ लाखांहून अधिक होती. लेखकास जे दिसले ते दारिद्र्य होते; घर नसलेली माणसे रस्त्यावर होती म्हणून ती दिसली. टॅक्सीच्या आत 'आम्ही' आणि बाहेर 'ते', अशी ही वाक्यरचना आहे. पुढील प्रकरणांत मात्र हाच लेखक संपूर्ण मानवजातीच्या वतीने बोलू लागतो. एर्लिक यांनी अमेरिकनांच्या अफाट उपभोगावरही टीका केली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु आरंभीचे चित्र वाचकाच्या मनावर जो ठसा उमटविते, तो ती टीका पुसू शकत नाही.

१९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील, हे या ग्रंथाचे भाकीत त्या स्वरूपात खरे ठरले नाही. त्याचे एक कारण सुधारित बियाणे व सिंचन हे होय; दुसरे कारण महाराष्ट्राच्या वाचकास जवळचे आहे. १९७२–७३ चा दुष्काळ याच दशकात पडला. पिके बुडाली, जनावरे गेली, हाल पुष्कळ झाले. परंतु रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडण्याच्या कामांवर लाखो माणसांना मजुरी मिळाली, आणि व्यापक भूकबळींचा अनर्थ टळला. त्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. माणसांची संख्या तीच होती. बदलला तो त्यांच्या हाती पडणारा पैसा आणि शासनाचा व्यवहार. 'बॉम्ब' या रूपकात या दोहोंना स्थान नाही. बॉम्ब आपोआप फुटतो आणि त्यातील दारू निर्णय घेत नाही, माणसे घेतात.

१९७२ चा 'द लिमिट्स टू ग्रोथ' हा डोनेला मेडोज, डेनिस मेडोज आणि त्यांचे सहकारी यांचा ग्रंथ अधिक संयमाने लिहिला गेला आहे. त्यावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप, म्हणजे त्यातील भविष्ये खोटी ठरली हा, अन्यायाचा आहे. कारण त्यात भविष्यकथन नसून 'असे झाले तर असे होईल' या धर्तीची अनेक पर्यायी चित्रे आहेत. मौना लोआ येथे १९५८ पासून होत असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीची दखल त्याने त्या काळी घेतली, हेही त्याच्या दूरदृष्टीचे द्योतक होय. त्याचे खरे वैगुण्य निराळे आहे. लोकसंख्या, अन्न, उद्योग, संपणारी साधनसंपत्ती आणि प्रदूषण हे पाच घटक घेताना त्याने सर्व जग एकच घर मानले. त्या घरात कोण जेवतो आणि कोण उपाशी झोपतो, हे सरासरीत दिसत नाही. संशोधनाची सोय म्हणून केलेली ही बेरीज वाचकाच्या मनात वस्तुस्थिती होऊन बसते.

१९८७ मध्ये ब्रुंटलांड आयोगाचा 'अवर कॉमन फ्यूचर' हा अहवाल प्रसिद्ध झाला. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याची शक्ती न खुंटविता वर्तमानाच्या गरजा भागविणे, ही त्यातील व्याख्या आज पाठ्यपुस्तकांतही आढळते. परंतु त्याच व्याख्येचा पुढील भाग, म्हणजे जगातील गरिबांच्या अत्यावश्यक गरजांना सर्वोच्च अग्रक्रम द्यावा हा, उद्धृत करताना बहुधा गळतो. त्यामुळे गरज कोणाची हा प्रश्न नाहीसा होतो आणि उरते ती केवळ पिढ्यापिढ्यांतील वाटणी. मराठी प्रतिशब्दाने या संदिग्धतेत भर घातली आहे. 'शाश्वत' म्हणजे नाश न पावणारे. मूळ संकल्पनेत भार सोसण्याच्या मर्यादेचा अर्थ आहे. 'शाश्वत विकास' या शब्दप्रयोगात मर्यादेऐवजी अनंतत्व आले. जो विकास पृथ्वीस पेलेल तो, याऐवजी जो कधीच थांबणार नाही तो, असा अर्थ एखाद्याने घेतल्यास त्यास शब्दकोशाच्या आधारे चूक ठरविता येणार नाही. 'धारणक्षम' हा शब्द उपलब्ध होता आणि तो मुळाच्या अधिक जवळचा होता.

अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांच्या १९९१ च्या 'ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड' या छोट्या पुस्तकाने सर्वनामाचा हा प्रश्न प्रथमच उघडपणे ऐरणीवर आणला. भारत आणि चीन यांना मोठ्या प्रदूषकांच्या पंक्तीस बसविणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेच्या हिशेबास ते उत्तर होते. भातखाचरातून निघणारा मिथेन आणि मोटारीतून निघणारा धूर एकाच मापाने मोजावा काय, असे त्याने विचारले. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद केला. येथे लोकसंख्येचे गणितातील स्थानच पालटले. एर्लिक यांच्या मांडणीत ती गुणक होती. येथे ती भाजक झाली. आजही भारतातील दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे २ टन आहे, तर अमेरिकेतील त्याच्या सुमारे सातपट आहे. जागतिक 'आपण'मधून बाहेर पडून 'आम्ही' म्हणण्याचा अधिकार या पुस्तकाने मिळवून दिला.

परंतु 'आम्ही' हेही निर्दोष सर्वनाम नव्हे. देशाच्या सरासरीत शहरातील वातानुकूलित घर आणि कोरडवाहू गावातील चूल यांची बेरीज होते, आणि पहिल्यास दुसऱ्याच्या आडोशास उभे राहता येते. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांचा 'इकॉलॉजी अँड इक्विटी' (१९९५) हा ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. आसपासच्या निसर्गावर थेट उपजीविका करणारे, दूरदूरची संपत्ती ओढून घेणारे सर्वभक्षी, आणि निसर्गाचा आधार तुटल्याने विस्थापित झालेले, असे भारतीय समाजाचे तीन वर्ग त्यांनी कल्पिले. ही विभागणी ढोबळ आहे आणि एकच कुटुंब दोन वर्गांत मोडू शकते, हे खरे. तरीही कर्ता कोण हे वाक्यात लिहावयास लावणारा हा ग्रंथ आहे, आणि म्हणून तो या मालिकेत वरचढ होय.

कर्तृपद लोपले म्हणजे काय होते, याचा इतिहास मराठी शब्दांतच साठलेला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून 'संततिनियमन' या विषयाचा पुरस्कार केला. त्या शब्दातील कर्ता स्त्री व पुरुष हे होते; नियमन त्यांचे, त्यांच्या संततीचे आणि त्यांच्या इच्छेने. १९५२ पासूनच्या सरकारी कार्यक्रमाने 'कुटुंबनियोजन' हा शब्द रूढ केला. 'लोकसंख्या-नियंत्रण' या शब्दात तर व्यक्ती उरलीच नाही. नियंत्रण करणारे शासन आणि नियंत्रित होणारा आकडा एवढेच राहिले. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील कितीतरी बळजबरीने. आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव 'कुटुंबकल्याण' झाले. शब्द बदलावा लागला, कारण जुन्या शब्दास भीती चिकटली होती.

यावरून लोकसंख्येचा विचारच अप्रस्तुत आहे, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. पाणी, जमीन आणि शहरातील निवारा यांवर संख्येचा भार पडतोच. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ इतका खाली आलेला आढळतो. लोकसंख्या स्थिर राखण्यास सुमारे २.१ पुरतो. उलटपक्षी मौना लोआ येथील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १९५८ मध्ये दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते, ते आता ४२० च्या वर गेले आहे. पाळणे कमी हलू लागले तरी धूर वाढतोच आहे. अशा वेळी लोकसंख्येलाच मुख्य अपराधी ठरविणारी वाक्ये मराठीत पुनःपुन्हा लिहिली जावीत, हे निव्वळ अभ्यासाच्या आळसाचे लक्षण होय.

मराठीतील 'आपण' या सर्वनामास आणखी एक अर्थ आहे. ते आदरार्थी मध्यमपुरुषही होते, आणि दोहोंतील निवाडा क्रियापद करते: 'आपण जबाबदार आहोत' आणि 'आपण जबाबदार आहात'. एका अक्षराच्या फरकाने बोलणारा आरोपीच्या रांगेतून उठून न्यायासनावर बसतो. या विषयावरील कोणताही ग्रंथ, मूळ असो वा अनुवादित, हाती घेताना वाचकाने प्रथम हे एक अक्षर पाहावे. दिल्लीच्या रस्त्यावर झोपलेल्या माणसास टॅक्सीतील प्रवाशाबरोबर 'आहोत' म्हणावयास लावणारे पुस्तक, आकडे कितीही अचूक असले तरी, सत्य सांगत नाही.